काचेच्या झाकणाखालचे सिगार

९ जानेवारी

वन्सं यांस सप्रेम नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्हाला भलतीच शंका आली असेल, म्हणून आधीच सांगते, घरातले सगळे जिवंत आहेत. मामंजी तर ठणठणीत आहेत. दिसतं मात्र फार कमी. उजेड आणि सावली एवढंच कळतं. पेपर मी वाचून दाखवते आणि चुका ते काढतात.

हे पत्र समेटाचं नाही. इतक्या वर्षांत तुम्ही या घराला पत्र लिहिलं नाही आणि या घरानं तुम्हाला, त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. माझी एक शंका आहे आणि ती विचारायला दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. तुम्ही लिलावघरात जुन्या सिगारांची पारख करता, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मामंजी त्याला 'लोकांच्या वस्तू हुंगत बसणं' म्हणतात, पण माहीत त्यांनाही आहे.

तर, कपाटावरचा तो लाकडी डबा. मामंजी बंदरात पायलट होते तेव्हा दाट धुक्यातून एक जहाज त्यांनी नुसत्या घंटेच्या आवाजावर आत आणून धक्क्याला लावलं आणि कप्तानानं खूश होऊन हा सिगारचा डबा दिला, ही गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल. मे महिन्यात मामंजींना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी जुन्या सोबत्यांना बोलवायचं आणि डब्यातला एकेक सिगार प्रत्येकाला ओढायला द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. डॉक्टरांनी धुराला सक्त मनाई केली आहे. मामंजींचं म्हणणं, "मी ओढणार नाहीये, वाटणार आहे."

डबा उघडला तर सगळे सिगार वाळून कडकडीत. एक उचलला, तर वरचं पान भिंतीच्या पोपड्यासारखं सुटून हातात आलं. यांनी उपाय म्हणून दुसरा चहाच्या किटलीच्या वाफेवर धरला. तो आधी फुगला, मग फाटला, मग यांच्या मुठीत नुसता पाचोळा राहिला. हे म्हणाले, "किटली जुनी झालीय."

उरलेले मूठभर वाचवता येतील का, एवढंच कळवा. मी तुम्हाला लिहिलंय हे मामंजींना माहीत नाही. यांना माहीत आहे, पण हे विसरतील.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

सर्वात आधी दादाला किटलीपासून लांब ठेवा.

सिगार वाळायला वर्षं लागली, तर ओल परत यायलाही महिने लागणार. घाई केली की आतली पानं फुगतात आणि वरचं पान फाटतं. दादानं ते करून दाखवलंच आहे. घट्ट झाकणाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तुमच्या सासऱ्यांचा लाकडी डबा, झाकण किंचित उघडं ठेवून, त्यात ठेवा. शेजारी एका वाटीत स्पंजाचा तुकडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेला. नळाचं पाणी नको, बुरशी येते. स्पंज सिगारला टेकता कामा नये. मधूनमधून सिगार थोडेसे फिरवायचे आणि बाकी काही करायचं नाही. बाकी काही न करणं हेच लोकांना जमत नाही. कोणी ओलीसाठी सफरचंदाची फोड ठेवा म्हणालं, तर त्या माणसाला घरात घेऊ नका.

बोटांनी हलकेच दाबल्यावर जरा दबला आणि परत वर आला, की झाला. उडून गेलेलं तेल मात्र परत येत नाही. सिगार पेटेल, चवीचं मी काही सांगू शकत नाही.

डबा कसा आहे तेही कळवा. झाकण, सील, आतले कागद, सिगारवरच्या कागदी पट्ट्या. कामाची सवय म्हणून विचारते, दुसरं कारण नाही.

तुमची,
नणंद

ता. क. तुमच्या सासऱ्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन का करून घेतलं नाही, हे मी विचारलेलं नाही. पण का नाही घेतलं?


२ मार्च

वन्सं, स. न.

तुमचं पत्र मिळालं तेव्हापासून आम्ही बाकी काही केलेलं नाही. डिस्टिल्ड वॉटर माझ्या औषधाच्या दुकानातच मिळालं. यांनी एकदा सफरचंदाचा विषय काढला होता. हे घरातलेच असल्यामुळे मला काही करता आलं नाही.

सिगार फिरवायचं काम मामंजींनी स्वतःकडे घेतलंय. दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसा एकेक फिरवतात. परवा मला बोलावून म्हणाले, "हा बघ, दबतोय." खरंच दबत होता. मग म्हणाले, "ही अक्कल कुणाची?" मी आमच्या कंपाउंडरचं नाव सांगितलं. "त्याचा पगार वाढवायला सांग," म्हणाले. तेव्हा तुमच्यामुळे आमच्या कंपाउंडरची घरात इज्जत वाढली आहे.

आता डबा. झाकणाला काच आहे. त्यातून सिगार दिसतात, फार सुंदर दिसतं. सीलचा कागद हिरवा, थोडा फिकट. कारखान्याचं नाव वर एका तऱ्हेनं लिहिलंय आणि खाली दुसऱ्या. कारखाना मोठा असेल, दोन माणसं लिहीत असतील. पट्ट्या लाल-सोनेरी आहेत, एक मात्र उलटी चिकटवली आहे. यांच्या मुठीतला पाचोळा मी फेकला नव्हता. पुडी बांधून सोबत पाठवते. पुडी बांधायची सवय, दुसरं कारण नाही.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. "बघायचं तेवढं बघून झालं," असं म्हणाले.

तुमची,
वहिनी


११ मार्च

वहिनींना नमस्कार.

बसून वाचा. सिगार खोटे आहेत.

ज्या कारखान्याचं नाव त्या डब्यावर आहे, त्यानं काचेच्या झाकणाचा डबा कधी काढलेला नाही. काच फक्त खोटा माल विकणारे लावतात, कारण गिऱ्हाईकाला डबा उघडू द्यायचा नसतो. आपलंच नाव दोन तऱ्हेनं लिहिणारा कारखाना मी पाहिलेला नाही. पुडीत तुकडे, देठं आणि एक दोरा निघाला. खऱ्या सिगारमध्ये टोकापासून टोकापर्यंत अखंड पानं असतात. दोरा नसतो. हे धक्क्यावरच्या कुठल्यातरी खोलीत केरसुणीच्या कामाला आलेल्या माणसानं वळलेले असावेत, असं माझं मत आहे. मत लेखी हवं असेल तर लिलावघराच्या कागदावर देते.

सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. मागच्या वेळी मी त्यांच्या निवृत्तीच्या, घरीच झालेल्या समारंभात सांगितलं होतं की, ऑफिसनं दिलेलं घड्याळ सोन्याचं नाही, मुलाम्याचं आहे. ते मुलाम्याचंच होतं आणि आजही असेल. त्यावर तुमचे सासरे सगळ्यांसमोर "चालती हो" म्हणाले आणि मी झाले. त्यांचं एवढं एक मी ऐकलं.

तुमची,
नणंद


१६ मार्च

वन्सं, स. न.

मी बसूनच वाचलं. मग पत्र औषधांच्या कपाटात, विषारी औषधांच्या खणात ठेवलं, त्याला कुलूप असतं.

मी सांगितलेलं नाही. कसं सांगू? काल ते डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि यांना विचारत होते, "कोण कोण येणार?" बंदरातले तिघं-चौघं पायलट येणार आहेत, त्यातले दोघं काठी घेऊन. आणि कस्टममधले काका येणार आहेत. वन्सं, कस्टमवाल्या काकांनी हयातभर असलेच डबे पकडलेत. ते पहिल्या झुरक्याला ओळखतील आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. ऐंशीव्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या देखत. तुमच्या घड्याळाच्या वेळी मी नवी नवरी होते, चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातच उभी राहिले. या वेळी ट्रे घेऊन उभी राहणार नाही.

तुम्ही मूठभर खरे सिगार पाठवा. त्यांच्या पट्ट्या काढून मी या खोट्यांच्या पट्ट्या लावते. मामंजींना दिसत नाही. कोणाला कळायचं नाही.

तुमची,
वहिनी


८ एप्रिल

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. मी रोज ते उचलून दुसऱ्या कागदाखाली ठेवत होते.

खऱ्या पट्ट्या लावलेले खोटे सिगार पकडणं हा माझा धंदा आहे. खोट्या पट्ट्या लावलेले खरे सिगार आजवर कोणी माझ्याकडे आणले नाहीत, त्यामुळे ते पकडायची पद्धतही मला माहीत नाही. असो. पार्सल सोबत आहे. लिलावघरातले नाहीत, माझे स्वतःचे आहेत. हो, मी ओढते.

पट्टी काढताना जोडाजवळ ओलसर कापूस एक क्षण टेकवा, ओढू नका. लावताना गोंदाचा अगदी लहानसा थेंब, कागदाच्या कडेला. पानाला गोंद लागू देऊ नका. जी पट्टी उलटी होती ती उलटीच लावा. खोटेपणात काही सुधारणा करू नका, लोक तिथंच सापडतात.

दादाला यातलं काही सांगू नका. तो विसरतो खरा, पण आधी बोलतो.

तुमची,
नणंद

ता. क. अप्पांना चहा अजून बिनसाखरेचाच लागतो का?


३ मे

वन्सं, स. न.

चहा बिनसाखरेचाच. आता कालचं सांगते.

पट्ट्या मी दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना बदलल्या. उलटी उलटीच लावली. खोटे सिगार गॉझच्या रिकाम्या डब्यात भरून विषारी औषधांच्या खणात ठेवले. माझं काम चोख झालं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते माझ्या कामामुळे झालं नाही.

सगळे बैठकीच्या खोलीत बसले. मामंजींनी डबा मांडीवर घेतला, धुक्याची गोष्ट सांगितली, झाकण उघडलं. पहिला सिगार उचलला, नाकाशी नेला आणि थांबले. भुवई एकदा वर गेली. मग एकेकाच्या हातात देत गेले. कस्टमवाल्या काकांनी काडी ओढून सगळ्यांचे पेटवून दिले आणि सगळे म्हातारे एकदम पुढं सरकून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मला वाटलं, आजारी पडतात की काय.

एकेक झुरका घेतला. काही झालं नाही.

दुसरा घेतला. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. काठीवाल्या पायलटांपैकी एकांनी विचारलं, "काय रे, कोणालाच खोकला येत नाही?"

दुसरे म्हणाले, "मला तर बरं वाटतंय."

कस्टमवाल्या काकांनी सिगार डोळ्यांसमोर धरला आणि अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाले, "अरे, हा खरा आहे!"

खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. मामंजी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, माझे कुठं ठेवलेस?"

"कुठले?" मी म्हटलं.

"हे सोडून जे उरतात, ते."

वन्सं, मी दुकानातून गॉझचा डबा आणून समोर ठेवला. दुसरं काय करणार? मामंजींनी त्यातला एक हुंगला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. तेव्हा कळलं ते असं. तसे डबे त्या बंदरातल्या प्रत्येक पायलटच्या घरी होते. धक्क्यावर कोणीतरी ते खलाशांना विकायचा, खलाशी कप्तानांना विकायचे आणि कप्तान पायलटांना भेट द्यायचे. नवा पायलट रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला त्यातला एक पूर्ण ओढायला लावायचे. जो उलटी न करता शेवटपर्यंत ओढेल, तो आपला. या सगळ्यांना मरायच्या आत एकदा तो खोकला परत हवा होता. आणि मी त्यांना तुमचे चांगले सिगार पाजले.

मग खोटे पेटवले. तुम्ही सांगितलेली ओल बरोबर बसली होती, एकाचंही पान सुटलं नाही. पहिल्या झुरक्याला कस्टमवाले काका असे खोकले की हे पाणी आणायला धावले आणि वाटेत काठीला अडखळले. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. एक पायलट भिंतीला हात लावून हसत होते, की रडत होते, मला कळलं नाही. मामंजींनी शब्द पाळला, स्वतः ओढला नाही. पण धुराच्या बरोबर मधोमध खुर्ची सरकवून घेतली होती. पडदे मी आज धुतले. वास गेलेला नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं.

"खरे तिनं पाठवले ना?"

"हो."

"चांगले होते?"

"सगळे म्हणत होते."

"म्हणजे काम येतं तिला." चाचपून गॉझच्या डब्याचं झाकण लावलं. "माझे खोटे आहेत, हे तिनं सांगितलं तुला?"

"हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

"वाईट कसलं? त्या कप्तानानं तो डबा कुलपात जपून ठेवला होता. मी जहाज वाचवलं म्हणून त्यातनं काढून दिला. त्याला बिचाऱ्याला कोणीतरी फसवलं होतं. मी त्याच्यासमोर एक पेटवला आणि 'वा' म्हणालो. पायलटला खोकला दाबता आला पाहिजे."

मी उठणार, तेवढ्यात म्हणाले, "घड्याळ हातात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं. हलकं होतं. ते ऑफिसनं नव्हतं दिलेलं. शिपायांनी आणि कारकुनांनी आपसात वर्गणी काढून आणलं होतं. ते तिथंच उभे होते, दाराशी."

मग म्हणाले, दिवा मालव. दिवा लागलेलाच नव्हता. मी मालवल्यासारखं केलं आणि आले.

तुमची,
वहिनी


१२ मे

वहिनींना नमस्कार.

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं. त्यात मी मुलाम्याची जाडी कशी मोजतात ते लिहिलं. मग ते फाडलं.

मी घड्याळ बघत होते. दाराकडे बघितलंच नाही. त्या लोकांपैकी कोण उभं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. ऑफिसचे शिपाई मला लहानपणी खांद्यावर घेऊन जेटीवर फिरवायचे, तेही असतील. घड्याळाच्या मागे काय कोरलं होतं ते मला अजून पाठ आहे. त्यांचा चेहरा आठवत नाही.

अप्पांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. मला माफीची पत्रं लिहिता येत नाहीत, अहवाल लिहिता येतात. म्हणून कामाचं एक विचारते. आमच्याकडे बनावट मालाच्या नमुन्यांचा एक खण असतो, नव्या लोकांना शिकवायला. अप्पांच्या सिगारांपैकी एखादा उरला असेल, तर तो पोस्टानं पाठवता येईल का? अप्पांनी परवानगी दिली तरच. नाही म्हणाले तर मी समजेन.

तुमची,
नणंद


२० मे

(वन्सं, मामंजी सांगताहेत, मी लिहितेय. 'सांगेन तो शब्द लिही, पदरचं घालू नकोस,' अशी ताकीद आहे. तेव्हा खालचं सगळं त्यांचं. वहिनी.)

चिरंजीव. पुढं काय लिहितात? सौभाग्यवती. ती कुठं सौभाग्यवती आहे? नुसतं चिरंजीव लिही, पुरे.

तुझं पत्र सूनबाईनं वाचून दाखवलं. तिनं मधला थोडा भाग गाळला, ते मला कळलं. मग पुन्हा वाचायला लावलं.

एक सिगार उरला आहे. तो मिळेल. पण पोस्टानं पाठवणार नाही. वाटेत वाळेल, आणि पुन्हा ओल द्यायला मला वेळ नाही. येऊन ने. नव्या लोकांना शिकवणार असशील तर नुसता दाखवू नकोस, ओढायला लाव.

तू पाठवलेल्यांतला एक मी ठेवला आहे. ओढणार नाही. रोज हुंगतो. आता तुला हसायचं तर हस, हुंगत बसलाय म्हण. चांगला आहे.

ते शिपाई आहेत. दोघं. एक भाजीबाजारामागे राहतो, त्याला ऐकू कमी येतं. तू आलीस की जाऊ. घड्याळ मी हातात घालतो, ते बंद आहे पण त्याला कुठं कळतंय.

आता नीट ऐक. स्टेशनवरून रिक्षा कर, पण मोठ्या रस्त्यानं येऊ नकोस, पाइपासाठी सगळं खणून ठेवलंय. शाळेच्या मागच्या बाजूनं ये. वळणावर चढ आहे, तिथं रिक्षावाला कुरकुर करेल, करू दे. पिवळा पाण्याचा टँकर उभा दिसेल, तो उजव्या हाताला ठेव. त्याच्या डावीकडून गल्लीत शीर. गल्ली अरुंद आहे, सामान कमी आण. कुत्रं भुंकतं, चावत नाही. आपल्या दाराची घंटा बिघडली आहे, हाक मार. मोठ्यानं मार, तुझा दादा दार उघडायला जातो आणि मध्येच विसरतो.

तू गेलीस त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत तुझ्या मागे मागे आलो होतो. खांबाआड उभा राहिलो. बस लागली, तू खिडकीशी बसलीस आणि मग मी परत फिरलो. सूनबाई, हे लिहू नकोस. लिहिलंस? मग खोड.

दिवसाउजेडी ये. एवढंच.

अप्पा

ता. क. वन्सं, ते वाक्य मी खोडणारच होते, पण पेनातली शाई संपली.

वहिनी